‘एक्स्ट्रा माइल’ आधी वेठीचा होता

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या पोराला विचारतात, ‘कंपनीसाठी एक्स्ट्रा माइल जाशील का?’ म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त राबशील का? पोरगं लगेच मान डोलावतं. हल्ली हा शब्दप्रयोग कौतुकाचा झालाय, पण त्याचं मूळ सक्तीच्या हमालीत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात येशूचं सांगणं आहे: कुणी बळजबरीनं एक मैल न्यायला लागला तर त्याच्यासोबत दोन मैल जा. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरानं हे वचन इंग्रजांच्या घराघरांत पोचवलं. यातल्या ‘बळजबरीनं नेणं’ या अर्थाच्या मूळ ग्रीक क्रियापदाचा धागा इराणी बादशाहीच्या टपालव्यवस्थेशी जुळतो. पुढे रोमन अमलात शिपाई वाटेतला कुणीही माणूस, कुणाचंही जनावर ओझ्याला धरायचे. येशूचा क्रूस वाहायला शिमोन कुरेनेकराला धरलं, तिथंही हेच क्रियापद आहे. तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा सल्ला तर फार बोलका आहे: शिपायानं गाढव धरलं तर सोडून द्या, कुरकुर केलीत तर मार खाल आणि गाढवही जाईल.

मराठी बायबलात इथं ‘वेठीस धरून’ असे शब्द आहेत, आणि मैलाचा कोस झालाय. आपल्या मुलखात वेठ रोजच्या पाहण्यातली होती. साहेबाचा मुक्काम हलला की सामान पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवायचं, तेही फुकट. हा भार वतनाच्या नावाखाली बहुतेक महारांच्या माथी होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली आणि १९२० मध्ये वेठबिगारी बंद केली. म्हणून या शहरात तरी ‘एक्स्ट्रा माइल’ म्हणताना पहिला मैल कुणी, कुणाच्या हुकमानं चालायचा, हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

जास्त मेहनतीचे बाकीचे शब्दप्रयोग एवढे जड नाहीत. ‘मध्यरात्रीचं तेल’ जाळण्यातलं तेल फ्रान्सिस क्वार्ल्सच्या १६३५ च्या कवितेत भेटतं. त्याच्या कितीतरी आधी ग्रीसमध्ये वक्ता डेमॉस्थेनिसच्या भाषणांना दिव्याच्या वातीचा वास येतो, असा टोमणा मारला गेला होता. म्हणजे रात्र जागून केलेली तयारी तेव्हा हिणवण्याचा विषय होती. ‘सगळे स्टॉप ओढणं’ चर्चमधल्या ऑर्गनवरून आलं. स्टॉप म्हणजे त्या वाद्याची खुंटी; ती बाहेर ओढली की त्या नळ्यांचा सूर मोकळा होतो, सगळे स्टॉप ओढले की वाद्य पूर्ण ताकदीनं वाजतं.

अंग चोरण्याला आपण ‘पाट्या टाकणं’ म्हणतो. इंग्रजीतला ‘कट कॉर्नर्स’ वळणावर कोपरा कापून वाट वाचवण्यावरून आला. पण मला महत्त्वाचा वाटतो तो ‘का कॅनी’, म्हणजे स्कॉटिश बोलीत ‘बेतानं चल’. १८८९ मध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांचा संप फसला. संपकाळात आणलेल्या नवख्या शेतमजुरांच्या कामावर आपण समाधानी आहोत, असं मालकांनी सांगितलं होतं. त्या मजुरांना ना माल नीट उचलता येत होता, ना रचता. युनियननं आपल्या माणसांना सांगितलं, कामावर जा आणि अगदी तसंच काम करा. थोड्याच दिवसांत मालकांनी पगारवाढ मान्य केली.

२०२२ पासून ‘क्वाएट क्विटिंग’, शब्दशः ‘गुपचूप नोकरी सोडणं’, सगळीकडे ऐकू येतंय. कामाचे तास भरायचे, ठरलेलं काम नीट करायचं आणि घरी जायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्याला ‘नोकरी सोडणं’ म्हणणं मला साफ नामंजूर आहे.