एंटर कोणाचा?

एंटर मारला की काय व्हायला हवं, यावर कोकणातल्या हिशेब लिहिणाऱ्यांच्या दोन पिढ्यांचं एकमत होणं कठीण. जे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात, फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये बांधलेल्या प्रोग्रामांवर शिकले, त्यांचा एंटर म्हणजे ‘झालं, पुढचा रकाना’. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामने ती सवय आजतागायत जपली आहे. एंटर मारत मारत खाली यायचं, चुकलं तर बॅकस्पेसने मागे जायचं, शेवटी प्रोग्राम विचारेल तेव्हा हो म्हणायचं. विंडोजवर वाढलेल्यांचा एंटर म्हणजे ‘झालं, सेव्ह कर’. ही दोन्ही माणसं एकाच टेबलावर आळीपाळीने बसली की घोळ ठरलेला.

एप्रिल-मेमध्ये देवगड-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये डोकावून बघा. वाशीची गाडी भरत असते, हमाल पेट्या मोजत ओरडत असतात आणि कोपऱ्यातल्या संगणकावर बागायतदाराचं नाव, पेट्या, डझन, दर, हमाली असा फॉर्म उघडलेला असतो. नाव टाइप होतं, बोट सवयीने एंटरवर पडतं आणि फॉर्म गायब. शून्य पेट्यांचं बिल तयार! शिव्या प्रोग्रामला बसतात. प्रोग्रामने मात्र नियम पाळलेला असतो.

नियम बराच जुना आहे. १९७१ साली आलेल्या आयबीएमच्या ३२७० टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डावर, टॅबने रकाना बदलायचा आणि एंटरने भरलेला पडदा एकरकमी मोठ्या संगणकाकडे पाठवायचा, अशी रीत होती. पुढे १९८७ मध्ये आयबीएमनेच ‘कॉमन युझर अ‍ॅक्सेस’ नावाची नियमावली काढली. एफ-१ने मदत, एस्केपने माघार, आल्ट-एफ-४ने खिडकी बंद, हे सगळं तिच्यातलं. विंडोजने त्यातलं बरंचसं उचललं. डीबेस-फॉक्सप्रोवाल्यांची चाल वेगळी होती. एका वेळी एकच रकाना हातात घ्यायचा आणि एंटरने तो संपवायचा. आपल्याकडच्या दुकानांत, पतसंस्थांत ही दुसरी चाल आधी रुजली.

विंडोजमध्ये अशा फॉर्मला डायलॉग म्हणतात आणि त्यातल्या रकान्यांना, बटणांना, याद्यांना कंट्रोल. यातली बाहेरून न दिसणारी गोष्ट अशी, की प्रत्येक कंट्रोल ही विंडोजच्या लेखी एक स्वतंत्र खिडकीच असते. ‘दर’ असं नुसतं लिहिलेलं लेबलसुद्धा. एका क्षणी कीबोर्ड यांतल्या एकीच्याच ताब्यात असतो. त्या ताब्याला फोकस म्हणतात. रकान्यात लुकलुकणारी उभी रेघ दिसते ती फोकसचीच खूण.

कळ दाबली की ती थेट फोकसवाल्या रकान्यात जाऊन पडते, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कोणत्या जागेची कळ दाबली गेली एवढंच कळवतो. विंडोज त्या जागेला एक ठरीव क्रमांक देतं आणि संदेश करून प्रोग्रामच्या रांगेत उभं करतं. प्रोग्राम एक छोटं चक्र अखंड फिरवत असतो: रांगेतला पुढचा संदेश उचल, तपास, ज्याचा त्याला दे. या तपासणीत दोन नाकी लागतात. पहिल्या नाक्यावर शॉर्टकटांचा तक्ता असतो. कंट्रोल-एससारखी (इथे कंट्रोल म्हणजे कीबोर्डवरची कळ) जोडी त्यात सापडली तर कळ तिथेच संपते आणि ‘सेव्हचा हुकूम आला’ असा नवा संदेश निघतो. दुसरं नाकं डायलॉगचं. टॅब, बाण, एंटर, एस्केप आणि आल्टबरोबरची अक्षरं इथे अडवली जातात. दोन्हीकडून सुटलेली कळच अक्षर होऊन रकान्यात उमटते. म्हणून तर टॅब मारल्यावर रकान्यात मोकळी जागा न पडता कर्सर पुढे सरकतो. हे दुसरं नाकं विंडोजने तयार करून दिलेलं आहे. प्रोग्रामरने चक्रात त्याला बोलावलं की झालं. कित्येक जण बोलावतच नाहीत आणि मग टॅबसाठी स्वतःची डोकेफोड करत बसतात.

टॅब पुढे कुठे जाणार? आपण डोळ्यांनी वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचतो, पण विंडोज मांडणीकडे बघतही नाही. कंट्रोल ज्या क्रमाने यादीत लिहिली गेली, तोच टॅबचा क्रम. देवगडजवळच्या एका शेडमध्ये हिशेब बघणाऱ्या काकूंकडे याचा नमुना पाहिला. त्यांच्या प्रोग्रामात आधी गाडी नंबरचा रकाना नव्हता. नंतर तो लागला, म्हणून कोणीतरी नावाच्या खाली, अगदी डोळ्यांना बरा दिसेल अशा जागी बसवला. यादीत मात्र तो शेवटी गेला, ‘रद्द’ बटणाच्याही मागे. नावावरून टॅब मारला की कर्सर गाडी नंबरवरून उडी मारून थेट पेट्यांवर. “आता ह्यो खंय गेलो?” असं म्हणत काकू माउस शोधायच्या, आणि माउस खोक्यांच्या ढिगाखाली.

पण काकू वस्ताद. टॅबची यादी गोल फिरते, शेवटानंतर पुन्हा पहिला रकाना येतो, हे त्यांच्या हाताने कधीच हेरलं होतं. नाव टाइप करून झालं की त्या शिफ्ट-टॅब मारायच्या. पहिल्या रकान्यावरून उलटं गेलं की शेवटचा, म्हणजे गाडी नंबर. तो भरायचा, मग टॅबने पुन्हा नाव, पुन्हा टॅब आणि पेट्या. प्रत्येक बिलाला हा फेरा. दुरुस्ती करायला मिनिटसुद्धा लागत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम लिहायच्या साधनातल्या डायलॉग एडिटरमध्ये कंट्रोल-डी दाबलं की प्रत्येक कंट्रोलवर त्याचा क्रमांक दिसतो, हव्या त्या क्रमाने क्लिक करत गेलं की यादी बदलते. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये त्यासाठी टॅबइंडेक्स नावाचा गुणधर्म होता. नवा रकाना घातला की हे एकदा करायचं असतं, एवढंच.

हाच क्रम अंध वापरकर्त्यांच्याही उपयोगी पडतो. एनव्हीडीएसारखा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, एखाद्या रकान्यावर आला की त्या रकान्याचं नाव शोधतो, आणि साध्या डायलॉगमध्ये ते यादीतल्या लगेच आधीच्या लेबलवरून घेतलं जातं. लेबल भलतीकडे असेल तर ‘दर’च्या रकान्यावर तो ‘हमाली’ म्हणेल. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत असल्यामुळे डोळसांना या चुकीचा पत्ताही लागत नाही.

रोख, उधार, बँक अशा, ज्यांतली एकच निवडायची त्या गोल टिकल्यांचा गट असेल तर टॅब गटात एकदाच शिरतो, आत बाणांनी फिरायचं. गट कुठे सुरू होतो त्याची खूण पहिल्या टिकलीवर करतात. गट संपल्यानंतरच्या पहिल्या कंट्रोलवरही तशीच खूण लागते आणि ती हमखास विसरली जाते. मग ‘बँक’वरून खाली बाण मारला की स्वारी थेट सेव्हच्या बटणावर.

आता एंटरकडे. डायलॉगचं नाकं एंटर अडवतं आणि जाड कडेचं डीफॉल्ट, म्हणजे आधीच नेमून ठेवलेलं, बटण दाबलं गेल्याचं प्रोग्रामला कळवतं. तुम्ही नावाच्या रकान्यात आहात की दराच्या, त्याला देणंघेणं नसतं. फोकस दुसऱ्या एखाद्या बटणावर असेल तर मात्र ते बटण तेवढ्यापुरतं डीफॉल्ट होतं, म्हणून ‘रद्द’वर उभं राहून एंटर मारला तर रद्दच होतं. टॅलीच्या वळणाचा एंटर हवा असेल तर कीबोर्डशी मारामारी करायची गरज नाही. ‘डीफॉल्ट बटण दाबलं’ हा निरोप आला की प्रोग्रामने विचारायचं, फोकस आत्ता कुठे आहे? सेव्हवर असेल तर सेव्ह करा, नसेल तर पुढच्या रकान्यावर जा. पाच-सात ओळींचं काम. माझ्या मते, जिथे माणूस दिवसभर बसून नोंदी करतो तिथे हे करावंच, नियमावली काहीही म्हणो. वर्षातून एकदा उघडायच्या सेटिंगच्या खिडकीत करू नये. तिथे लोकांना विंडोजचीच सवय असते.

याच जागी आणखी एक खोड आहे आणि ती ओळखायला भल्याभल्यांना वेळ लागतो. सेव्ह दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून प्रोग्रामर एकदा दाबल्यावर ते बटण करडं करून टाकतो. हेतू चांगला. पण त्या क्षणी फोकस त्याच बटणावर असतो. करडी झालेली खिडकी कळा घेत नाही आणि विंडोज आपणहून फोकस दुसरीकडे नेत नाही. टॅब मारा, एस्केप मारा, काही हलत नाही. लोक म्हणतात संगणक हँग झाला, प्लग काढतात. माउसने कुठल्याही रकान्यावर क्लिक केलं तर सगळं पुन्हा सुरळीत! उपाय क्रमाचा आहे. आधी फोकस पुढच्या कंट्रोलवर न्यायचा, मग बटण बंद करायचं. फोकस नेतानाही तो परस्पर ढकलायचा नसतो. ‘पुढच्या कंट्रोलवर जा’ असा निरोप डायलॉगला द्यायचा, म्हणजे जाड कडही बरोबर सरकते.

आल्टबरोबरच्या अक्षरांचं तंत्र इंग्रजी फॉर्मवर झकास चालतं. लेबल लिहिताना अक्षराच्या आधी & घातलं की पडद्यावर त्या अक्षराखाली रेघ येते, आणि आल्टबरोबर ते अक्षर दाबलं की बटण दाबलं जातं. लेबल असेल तर त्याच्या पुढच्या रकान्यात उडी पडते. पुन्हा तोच यादीचा क्रम. खरंखुरं & दाखवायचं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, नाहीतर ‘आंबे&काजू’चं पडद्यावर ‘आंबेकाजू’ होतं आणि ‘का’खाली रेघ उमटते. विंडोज २००० पासून या रेघा आल्ट दाबेपर्यंत लपलेल्या असतात, त्यामुळे त्या आहेत हेच नव्या लोकांना माहीत नाही. सेटिंगमध्ये सुलभतेच्या पानावर, कीबोर्डखाली, त्या कायम दाखवण्याची सोय आहे. ती मी प्रत्येक काउंटरवर चालू करून देतो.

मराठी लेबलांवर मात्र हे तंत्र अडखळतं. खालची रेघ उकाराच्या अंगावर येते. ‘क्रमांक’मधला ‘क्र’ दिसतो एक, पण आत क, हलन्त आणि र अशी तीन चिन्हं असतात. आल्टबरोबर दाबायचं काय? शिवाय विंडोजच्या जुन्या मापात लेबलाची उंची इंग्रजी अक्षराएवढीच धरलेली असते. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ टंक मात्राउकारांसकट त्यात मावत नाही आणि ‘एकूण’चा ऊकार छाटला जातो. उंचीचं दुखणं चौकट वाढवली की संपतं. आल्टच्या अक्षरासाठी जपानी प्रोग्रामांची युक्ती मला पटते. ते नाव आपल्या लिपीत लिहितात आणि पुढे कंसात एक रोमन अक्षर देऊन रेघ त्याच्याखाली घालतात. दिसायला थोडं ओबडधोबड, पण हात चालतो.

कंट्रोल कळेचे शॉर्टकट या लफड्यातून सुटले, कारण त्यांना अक्षराशी घेणंच नाही. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड चालू असताना ‘सी’च्या कळेवर म आहे आणि ‘व्ही’च्या कळेवर न. नुसती कळ दाबली तर म उमटतो, पण कंट्रोलबरोबर दाबली की कॉपी होते. प्रोग्राम अक्षर न बघता कळेचा तो ठरीव क्रमांक बघतो. सीचा ६७, व्हीचा ८६, लेआउट मराठी असो की इंग्रजी. कापा, कॉपी करा, चिकटवा ही कल्पना झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रुळवली. एक्स-सी-व्हीची शेजारशेजारची जागा अ‍ॅपलमुळे रूढ झाली. विंडोजमध्ये सुरुवातीला आयबीएमच्या नियमावलीतले कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट होते. ते आजही चालतात, करून बघा.

स्वतःचा शॉर्टकट नेमताना कंट्रोल-आल्ट ही जोडी टाळावी. उजवी आल्ट बऱ्याच लेआउटवर जादा अक्षरांसाठी राखलेली असते आणि विंडोज तिला ‘कंट्रोल आणि आल्ट एकदम’ असंच समजतं. भारतीय इंग्रजी लेआउटवर २०१० साली स्वीकारलेलं ₹ चिन्ह उजवी आल्ट आणि ४ यांवर आहे. म्हणजे कोणी कंट्रोल-आल्ट-४ वर ‘बागायतदारवार थकबाकी’ नेमून ठेवली असेल, तर दराच्या रकान्यात ₹ टाइप करायला जावं आणि समोर थकबाकीची यादी उघडावी. त्यापेक्षा वरच्या रांगेतल्या एफच्या कळा बऱ्या. टॅलीवाल्यांची बोटं एफ-५, एफ-६ला सरावलेलीच असतात. एफ-१ मदतीला, एफ-४ यादी उघडायला आणि एफ-१० मेनूला विंडोजने आधीच दिलेली आहे, तेवढ्या तीन सोडायच्या. लॅपटॉपवर एफ-६ दाबल्यावर आवाज नाहीतर पडद्याचा उजेड कमी-जास्त व्हायला लागला, तर आधी एफएन लॉक, म्हणजे एफच्या कळांचं काम बदलणारी कळ, बघायचा.