पार्किन्सन्स आणि स्किन बायोप्सी
पार्किन्सन्स मेंदूचा आजार, मग कातडीचा तुकडा कशाला काढतात असं कुणालाही वाटेल. कारण आहे अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन. ते तसं सगळ्यांच्याच शरीरात असतं, पण या आजारात त्याची घडी बिघडते, त्याला फॉस्फेट चिकटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. मेंदूतल्या या गुठळ्या म्हणजे लेवी बॉडीज, फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण त्यात अल्फा-सिन्युक्लिन आहे हे कळायला १९९७ उजाडलं. हेच बिघडलेलं प्रोटीन घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या आणि केसांच्या मुळाशी जे छोटे स्नायू असतात (अंगावर काटा येतो तो यांच्यामुळे) त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक नसांमध्येही सापडतं, त्यामुळे मेंदूला हात न लावता पुरावा मिळू शकतो.

बायोप्सी अगदी छोटी असते. जागा बधिर करून साधारण ३ मिमीच्या पंचने (गोल पात्याचं छोटं हत्यार) मानेच्या मागे, मांडीवर गुडघ्याच्या वर आणि पायावर घोट्याच्या वर असे तीन तुकडे घेतात, टाके सहसा लागत नाहीत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायचं. लॅबमध्ये कापांवर दोन चमकणारे रंग लावतात, एक नस दाखवतो, दुसरा फॉस्फेटवालं प्रोटीन. दोन्ही एकाच जागी चमकले की पॉझिटिव्ह.

२०२४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या ४२८ जणांच्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या ९२.७ टक्के, लेवी बॉडी डिमेन्शियाच्या ९६ टक्के आणि मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीच्या (एमएसए, यात हालचालींसोबत रक्तदाब, लघवी यांचं नियंत्रणही बिघडतं) ९८.२ टक्के पेशंटमध्ये हे प्रोटीन सापडलं, आजार नसलेल्यांमध्ये ३.३ टक्के. आकडे भारी आहेत, पण हे निदान आधीच पक्कं झालेले पेशंट होते, आणि खरी गरज असते ती डॉक्टरही गोंधळलेत अशा केसमध्ये.

दुसरं म्हणजे पॉझिटिव्ह आलं की अल्फा-सिन्युक्लिनचा आजार (वरच्या तिन्हींसारखा) असण्याची शक्यता खूप वाढते, पण त्यातला नेमका कोणता हे कळत नाही. प्रोटीन किती आहे, कुठल्या नसांमध्ये आहे यावरून एमएसए वेगळा काढायचे प्रयत्न चालू आहेत. इसेन्शियल ट्रेमर (हात थरथरण्याचा वेगळा आजार) किंवा टाऊ नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनचा पीएसपी (यात तोल आणि डोळ्यांची हालचाल बिघडते) हे पार्किन्सन्ससारखे दिसले तरी त्यात हे प्रोटीन सहसा सापडत नाही, माझ्या मते टेस्टचा खरा उपयोग इथेच आहे. उलट काही जेनेटिक प्रकारांत, जसं पार्किन जीनमध्ये बिघाड असेल तर, लेवी बॉडीज बऱ्याचदा नसतातच, म्हणजे पार्किन्सन्स असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.