बिलाचा नंबर: मोजणीची फाईल की नंबराची फाईल?

सांगलीत गणपती पेठेतल्या दुकानात दोन काउंटर, दोन कॉम्प्युटर आणि बिलांची एकच मालिका, हे नेहमीचं चित्र. अशा दुकानासाठी प्रोग्राम लिहायचा तर डेटाबेस हवाच असं नाही, डिस्कवरच्या फायलींवरही काम भागतं. पण ‘फाईलवरून नंबर काढतो’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या पद्धती लपलेल्या असतात. एकीत फाईल शेवटचा नंबर लक्षात ठेवते. दुसरीत फाईलचं नाव हाच नंबर असतो.

मोजणीची फाईल सगळ्यांना आधी सुचते. फाईलमध्ये ४३० लिहिलेलं आहे. वाचायचं, एक मिळवायचा, ४३१ लिहून ठेवायचं. दोन्ही काउंटरनी एकाच क्षणी ४३० वाचलं की दोन गिऱ्हाइकांच्या हातात ४३१ नंबरचं बिल. म्हणून फ्लॉकने, म्हणजे एका वेळी एकालाच फाईल वापरू देणाऱ्या आज्ञेने, लॉक लावायचं, आणि ते वाचण्याआधी घेऊन लिहून झाल्यावरच सोडायचं. फक्त लिहिताना लावलेल्या लॉकचा काही उपयोग नाही, तोवर दोघांनी ४३० वाचलेलं असतं.

दुसरा धोका जास्त वाईट. फाईल लिहिण्यासाठीच्या ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की ती उघडताक्षणी रिकामी होते, लॉक मिळायच्याही आधी. तेवढ्यात लाइट गेली तर रिकामी फाईल उरते, प्रोग्राम ती शून्य समजतो आणि पुढचं बिल १ नंबरचं निघतं. यावर उपाय म्हणजे नवा आकडा तात्पुरत्या फाईलमध्ये लिहून, डिस्कवर पक्का करून, रिनेमने (नाव बदलून) जुन्या फाईलच्या जागी आणणं. मात्र तसं केलं तर लॉक वेगळ्या फाईलवर लावा. रिनेमनंतर जुन्या नावाखाली नवीच फाईल असते आणि रांगेत थांबलेला दुसरा प्रोग्राम जुन्या फाईलचंच लॉक धरून बसतो.

हे सगळं नीट केलं तरी हमी एवढीच, की एक नंबर दोघांना जाणार नाही. नंबर सलग राहतील याची हमी नाही. ४३१ दिला आणि बिल तयार होण्याआधी प्रोग्राम बंद पडला, तर ४३१ कुठेच नाही. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये दोन्ही मागितलंय: बिलाचा क्रमांक सलग हवा आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा. शिवाय तो १६ अक्षरांच्या आत हवा.

इथे नंबराची फाईल कामाला येते. छापील बिलबुकात नंबर कागदावरच असतो, नंबर आणि बिल वेगळे होऊच शकत नाहीत, तसंच हे. लिनक्सवर फाईल ‘आधी नसेल तरच तयार कर’ असं सांगता येतं. तपासणं आणि तयार करणं ही एकच क्रिया असते, त्यामुळे दोघांपैकी एकालाच ती फाईल मिळते. दुसऱ्याला ‘आहे’ असं उत्तर येतं, तो ४३२ मागतो. लॉकची गरजच उरत नाही.

तरी मध्येच लाइट गेली तर ४३१ नावाची रिकामी फाईल पडून राहील. म्हणून मला लिंकची (हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाईलला आणखी एक नाव देणं) पद्धत सर्वात पटते. ४३१ घालून अख्खं बिल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंकने डिस्कवर पक्कं करा, मग ४३१ या नावाने लिंक करा. नाव आधीच घेतलेलं असेल तर लिंक नकार देते. बिलात ४३२ घालून पुन्हा प्रयत्न करा. जमली तर त्या क्षणी पूर्ण बिल आणि त्याचा नंबर एकदमच अस्तित्वात येतात. लिंकनंतर फोल्डरलाही एफसिंक करा आणि मगच प्रिंट काढा. लिंकऐवजी रिनेम मात्र वापरू नका, ते असलेलं बिल गुपचूप पुसून टाकतं. एफएटी फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर हार्ड लिंक होतच नाही, हेही लक्षात असू द्या.

पुढचा नंबर शोधताना दरवेळी फोल्डर चाळायला नको, म्हणून शेजारी मोजणीची फाईल ठेवायला हरकत नाही, पण फक्त अंदाजापुरती. ती मागे राहिली तर दोनचार प्रयत्न वाढतील. पुढे गेली तर खंड पडेल. तेव्हा तिच्यात आकडा लिंक झाल्यावरच लिहावा.

बिल रद्द झालं तरी फाईल पुसू नका, आत ‘रद्द’ अशी नोंद करा. शेवटची फाईल पुसली तर तोच नंबर पुन्हा दिला जाईल, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये रद्द बिलांची संख्या द्यावीच लागते. बिलाच्या क्रमांकात तिरपी रेघ चालते, फाईलच्या नावात चालत नाही. पण २५-२६ नावाचा फोल्डर आणि त्यात ४३१ ही फाईल केली की २५-२६/४३१ हा पत्ताच बिलाचा क्रमांक होतो. १ एप्रिलला नवा फोल्डर, नवी मालिका.

हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात गाड्यांना टोकन द्यायचं असेल, तर एवढा खटाटोप नको. तिथे मधला एखादा नंबर गळाला तरी गाडीचा क्रम बिघडत नाही. मोजणीची फाईल घ्या आणि लॉक वाचण्याआधी लावा.