आधी थट्टा, मग नियम : स्लॅशरपटांच्या विडंबनाची पार्श्वभूमी

१९७८ च्या 'हॅलोविन' या भयपटात नायिका लॉरी मैत्रिणीच्या गाडीत बसून गांजा ओढते. खोकत खोकत, पण ओढते. तरी शेवटी वाचते तीच. त्याआधीच्या, १९७४ च्या 'ब्लॅक ख्रिसमस'ची नायिका गरोदर आहे आणि गर्भपात करायचं तिने ठरवलेलं आहे. चित्रपट संपताना तीही जिवंत असते, फोन मात्र अजून वाजत असतो. आणि १९८० च्या पहिल्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये हॉकीचा मुखवटा घातलेला प्रसिद्ध मारेकरी जेसन कुठेच नाही. खून करते ती त्याची आई, मध्यमवयीन, स्वेटर घातलेली बाई. जेसन सुरा हाती घेतो दुसऱ्या भागात आणि तो मुखवटा मिळायला तिसरा भाग, म्हणजे १९८२ साल उजाडावं लागतं.

स्लॅशर, म्हणजे मारेकरी तरुण पोरांना एकेक करून कापत सुटतो तो भयपट, म्हटलं की हल्ली आपण धडाधड नियम म्हणून दाखवतो. नशा करणारे मरतात, चोरून प्रेम करणारे मरतात, 'मी आलोच' म्हणून गेलेला परत येत नाही, सगळे एकत्र राहायचं सोडून एकेकटे फिरतात, आणि सोज्वळ मुलगी तेवढी उरते. हे नियम सुरुवातीच्या चित्रपटांत हुडकायला गेलं तर अर्धेमुर्धेच हाती लागतात. पूर्ण यादी मिळते ती या चित्रपटांची टिंगल करणाऱ्या चित्रपटांत. साचा घडवला भयपटांनी, पण त्याच्या कडा घासूनपुसून पक्क्या केल्या विनोदाने, असं माझं मत आहे.

साचा तयार झाला तो पैशामुळे. हिचकॉकच्या 'सायको'ने १९६० मध्ये सुरा, स्नानगृह आणि घाबरलेली बाई एकत्र आणली होती. इटलीत दिग्दर्शक मारिओ बावाने १९७१ मध्ये पडद्यावर तळ्याकाठी एकामागून एक मुडदे पाडले होते. पण जॉन कारपेंटरने 'हॅलोविन' केला तो सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत. मुखवट्यालासुद्धा पैसे नव्हते, म्हणून 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारातला मुखवटा आणून पांढरा रंगवला. चित्रपटाने अमेरिकेत कोट्यवधी डॉलर मिळवले आणि हॉलिवूडमधल्या प्रत्येक काटकसरी निर्मात्याला वाट सापडली. एक जंगल किंवा एक वसतिगृह, दहाबारा अनोळखी तरुण चेहरे, एक मुखवटा. विषय तर कॅलेंडर पुढ्यात ठेवूनच निवडले जात असावेत. नववर्षाची पूर्वसंध्या झाली, व्हॅलेंटाइन झाला, वाढदिवस झाला, शाळेतला नाचाचा समारंभ म्हणजे प्रॉम झाला, पदवीदानही सुटलं नाही. हे सगळं १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत.

समीक्षक खवळले. जीन सिस्केलने 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा शेवट परीक्षणातच फोडून टाकला, लोकांनी जाऊ नये म्हणून. लोक गेलेच. रॉजर ईबर्टने या प्रकाराला 'डेड टीनेजर मूव्ही' असं नाव दिलं, म्हणजे मेलेल्या पोरांचा सिनेमा. चिडून दिलेलं नाव, पण नेमकं. पुढचा मुडदा कोणाचा हे सांगता येत असेल तर भीती आधीच निम्मी उतरलेली असते आणि तिच्या जागी अंदाज बांधायची मजा येते. त्या काळी थिएटरात पडद्यावरच्या पोरीला 'अगं, वर जाऊ नकोस' असं ओरडून सांगणारे प्रेक्षक होतेच. विनोद खुर्च्यांमध्ये सुरू झालेला होता, कोणीतरी तो पडद्यावर नेण्याचाच काय तो अवकाश होता.

तो फार लांबला नाही. १९८१ च्या ऑगस्टमध्येच 'स्टुडंट बॉडीज' आला. दिग्दर्शक मिकी रोझ हा वुडी ॲलनचा जुना लेखनसोबती. हा चित्रपट आज पूर्ण बघवत नाही, बरेच विनोद शाळकरी आहेत. पण त्याची पहिली काही मिनिटं अभ्यासाला लावावीत अशी आहेत. सुरुवातीलाच पाटी येते की ही सत्यघटना आहे : गेल्या वर्षी २६ भयपट आले आणि एकानेही तोटा खाल्ला नाही. मग तारीख सांगणाऱ्या पाट्या येतात, हॅलोविन, फ्रायडे द थर्टीन्थ, आणि मग 'हॅलोविन'मध्ये लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसचा वाढदिवस. दार उघडं राहिलं तर पडद्यावर तसं लिहून येतं, मेलेल्यांची मोजणी आकड्यांत चालू राहते, आणि मारेकरी कागदाला लावायच्या पेपरक्लिपनेही खून करतो. 'हॅलोविन'ला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. एखादा चित्रप्रकार पुरता उभा राहायच्या आत त्याची इतकी तपशीलवार नक्कल व्हावी, हे फारसं घडत नाही. गंमत म्हणजे निर्माता मायकेल रिचीने श्रेयनामावलीत स्वतःच्या नावाऐवजी 'ॲलन स्मिथी' लावलं. आपल्या चित्रपटावर नाव नको असलं की त्या काळी हॉलिवूडमध्ये वापरलं जायचं ते ठरलेलं टोपणनाव.

त्यानंतरच्या वर्षी आलेल्या 'स्लंबर पार्टी मॅसकर'ची गोष्ट मला जास्त आवडते. पटकथा लिहिली होती स्त्रीवादी कादंबरीकार रिटा मे ब्राउन यांनी, आणि लिहिली होती विडंबन म्हणून. दिग्दर्शिका एमी होल्डन जोन्स. पण चित्रपट काढला गेला सरळ भयपटासारखा, त्यामुळे विनोद आहे की नाही, असा पेच प्रेक्षकाला पडत राहतो. भुकेली मुलगी मेलेल्या डिलिव्हरीवाल्याच्या अंगाशी बसून त्यानेच आणलेला पिझ्झा खाते. मारेकऱ्याच्या हातात सुरा नाही, हातभर लांबीचं ड्रिल मशीन आहे. त्याचा लैंगिक अर्थ काय ते पोस्टर पाहिल्यावर कोणालाही कळतं. शेवटी एक मुलगी कोयत्याने त्या ड्रिलचं पातंच छाटून टाकते आणि मारेकरी क्षणभर केविलवाणा होऊन हातातल्या थोटकाकडे पाहतो. पोरींवर सुरे चालवणाऱ्या चित्रपटांना यापेक्षा बोचरं उत्तर मोठमोठ्या लेखांतूनही मिळालं नसेल.

मग मूळ मालिकांनाच स्वतःचं हसू येऊ लागलं. १९८६ च्या 'जेसन लिव्ह्ज'मध्ये टॉम मॅकलॉक्लिनने जेसनला वीज पाडून थडग्यातून उठवला, जेम्स बाँडच्या सुरुवातीची नक्कल त्याच्याकडून करवून घेतली, आणि स्मशानाच्या रखवालदाराला थेट कॅमेऱ्यात बघून लोकांच्या करमणुकीच्या आवडीबद्दल कुरकुरायला लावलं. तोवर तिकीट काढणारे कमी होत चालले होते.

याच सुमाराला, १९८७ मध्ये, कॅरॉल क्लोव्हर यांचा निबंध आला. बाई बर्कले विद्यापीठातल्या, अभ्यास मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याचा, आणि लिहिलं ते करवतीने माणसं कापणाऱ्या चित्रपटांवर! 'फायनल गर्ल' हा शब्द त्यांचा. शेवटपर्यंत टिकणारी मुलगी सावध, थोडी मुलगेपणाकडे झुकलेली, प्रेमप्रकरणांपासून दूर असते, आणि तरुण मुलगे असलेला प्रेक्षक मारेकऱ्याला सोडून तिच्या बाजूने उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. १९९२ मध्ये त्यावर पुस्तक झालं. निरीक्षण बारीक होतं, पण चित्रपटवाल्यांनी त्यातली गुंतागुंत सोडली आणि यादी तेवढी उचलली.

ती यादी पडद्यावर मोठ्याने वाचून दाखवली १९९६ च्या 'स्क्रीम'ने. केविन विल्यमसनच्या पटकथेचं मूळ नाव होतं 'स्केरी मूव्ही', दिग्दर्शक होता 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा वेस क्रेव्हन. सुरुवातीला ड्रू बॅरीमोरला फोनवर भयपटांचं प्रश्नमंजूषेतलं कोडं घातलं जातं : 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधला मारेकरी कोण? ती बिनधास्त 'जेसन' म्हणते. उत्तर चुकतं आणि तिचा मित्र मरतो. म्हणजे लोकांच्या डोक्यातला स्लॅशर आणि खरा स्लॅशर यांत किती अंतर पडलं आहे, हे विल्यमसनला नीट ठाऊक होतं. पुढे व्हिडिओच्या दुकानातला रँडी सगळे नियम सांगतो, त्यात शरीरसंबंध ठेवणारा मरतो हा नियम ठळक. त्याच रात्री नायिका सिडनी नेमकं तेच करते, आणि वाचते. नियम मोडण्यासाठीच तो सांगितला होता. लक्षात राहिला मात्र नियम, मोडणं विसरलं गेलं. अमेरिकेतच दहा कोटी डॉलरांहून जास्त कमाई झाल्यावर त्या यादीची पोपटपंची करणारे चित्रपट रांगेने आले.

२००० मध्ये वेयन्स बंधूंनी ते सोडून दिलेलं नाव उचललं आणि 'स्केरी मूव्ही' काढला. ज्याची थट्टा करायची तोच आधी थट्टा करून बसलेला, त्यामुळे यात शेरेबाजीपेक्षा अचरटपणाच अधिक. जगभरात त्याने सुमारे २८ कोटी डॉलर कमावले, 'स्क्रीम'पेक्षा कितीतरी जास्त. पुढचे भाग विसरलेले बरे.

ताजी कल्पना आली ती बाजू बदलल्यावर. 'बिहाइंड द मास्क' (२००६) मध्ये वार्ताहर मंडळी एका होतकरू मारेकऱ्यामागे कॅमेरा घेऊन फिरतात आणि तो तक्रार करतो की संथ चालत राहून पळणाऱ्यांना गाठायचं तर व्यायाम किती करावा लागतो! २०१० च्या 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल'मधले दोन गावंढळ गडी तर साधे, भले. कॉलेजची पोरं भयपट पाहून बिघडलेली, त्यांना हे मारेकरी वाटतात आणि त्या धास्तीत ती आपल्याच हाताने मरत सुटतात. टकरच्या मागे मधमाश्या लागतात, तो करवत घेऊन धावतो, पोरांना दिसतो तो फक्त करवतवाला वेडा. इतकी भाबडी गंमत या प्रकारात दुसरी नाही.

'द केबिन इन द वूड्स'चं चित्रीकरण २००९ चं, पण स्टुडिओ दिवाळखोरीत गेला आणि चित्रपट लागला २०१२ मध्ये. जंगलातल्या घराखाली चक्क एक कार्यालय आहे, कर्मचारी पैजा लावतात, आणि पाच मुलांना साच्यात बसवायचं काम चालू असतं. मुलं मुळात तशी नाहीतच. हुशार मुलीला केसांच्या रंगातून औषध देऊन मठ्ठ करावं लागतं, 'कुमारिका' ठरवलेली कुमारिका नाही, आणि त्यावर खालच्यांचं म्हणणं एवढंच, की जे मिळालं त्यात भागवायचं.

अलीकडच्या काळात 'द ब्लॅकनिंग'ने आणखी एक जुनं दुखणं बाहेर काढलं, काळं पात्र पहिलं मरतं ते. मूळ होतं २०१८ मधलं छोटं विनोदी प्रहसन. पूर्ण चित्रपट २०२२ च्या टोरोंटो महोत्सवात दाखवला गेला. इथे केबिनमध्ये जमलेले सगळेच मित्र काळे, त्यामुळे नियम लावायचा कोणाला? मारेकरी त्यांनाच सांगतो : तुमच्यात सगळ्यात जास्त काळा कोण ते ठरवा आणि त्याला बाहेर पाठवा. मग तो मान आपला नाहीच हे सिद्ध करायला जो तो पुरावे देऊ लागतो.