पीट पोसलथ्वेट

पीट पोसलथ्वेट (७ फेब्रुवारी १९४६ – २ जानेवारी २०११) हा इंग्लंडमधला नाटक-सिनेमाचा चरित्र अभिनेता. आडनावातला मधला ‘ट’ उच्चारत नाहीत. सुरुवातीला त्याला नाव बदल म्हणून सांगणारेही होते, त्याने बदललं नाही ते बरंच केलं. गालाची हाडं वर आलेली, जबडा मोठा, डोळे आत गेलेले, असा चेहरा एकदा बघितला की विसरता येत नाही, आणि बऱ्याच जणांना नाव माहीत नसतं पण फोटो दाखवला की लगेच म्हणतात, अरे हा तर ‘युज्वल सस्पेक्ट्स’मधला तो कोबायाशी वकील.

जन्म वॉरिंग्टनचा, घर कामगारांचं आणि कॅथलिक. आधी पाद्री व्हायचं होतं, मग काही काळ शाळेत शिकवलं, मग ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत गेला. सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये होता तेव्हा तिथे ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस अशी पुढे नाव झालेली सगळी नटमंडळी एकत्र काम करत होती. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीतही होता. म्हणजे सिनेमात नाव झालं तेव्हा वयाची चाळिशी उलटून गेली होती आणि रंगमंचावरची खूप वर्षं गाठीशी होती.

त्याचं खरं मोठं काम बघायचं असेल तर त्याने केलेले बाप बघावेत, असं माझं ठाम मत आहे. १९८८ च्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्हज’मध्ये तो लिव्हरपूलच्या एका घरातला मारकुटा बाप आहे. नाताळच्या आदल्या रात्री झोपलेल्या पोरांकडे एवढ्या मायेने बघतो की आपल्यालाच भरून येतं, आणि पुढच्याच प्रसंगात पोरं गप्प जेवायला बसलेली असताना टेबलक्लॉथ खस्सकन ओढून सगळं खाली पाडतो आणि बायकोला ओरडतो, आवर हे. तो माणूस असा का आहे हे सिनेमा सांगत नाही, पीटही सांगत नाही, पण दोन्ही माणसं एकाच अंगात राहतात हे पटतं.

पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, ‘इन द नेम ऑफ द फादर’. यात तो जुझेप्पे कॉनलन. हा खरा माणूस बेलफास्टचा, १९७४ च्या गिल्डफर्ड पबमधल्या बॉम्बस्फोटांसाठी पकडलेल्या मुलाला सोडवायला लंडनला आला आणि स्वतःच काही केलेलं नसताना आत गेला, १९८० मध्ये कैदेतच वारला, निर्दोष ठरला तो १९९१ मध्ये. प्रत्यक्षात नसलं तरी सिनेमात बाप-लेक एकाच कोठडीत दाखवलेत, आणि तिथे लेक झालेला डॅनियल डे-लुईस चिडतो, ओरडतो, भिंतीवर डोकं आपटेल असं वाटतं, आणि समोर हा खोकत, जपमाळ धरून, हळू आवाजात बोलत बसलेला. तरी नजर त्याच्यावरून हलत नाही. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन याच भूमिकेसाठी, बक्षीस मात्र ‘द फ्युजिटिव्ह’च्या टॉमी ली जोन्सला गेलं. मला अजून पटलेलं नाही.

‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) तर आमच्या घरी कितीदा लागलाय. यॉर्कशरमधलं ग्रिमली, कोळशाची खाण बंद होणार, आणि खाण कामगारांच्या बँडचा मास्तर डॅनी, छातीत कोळशाची धूळ भरलेला. गाव काल्पनिक पण ग्रिमथॉर्पच्या खऱ्या बँडवरून घेतलेलं. दवाखान्यातून उठून तो रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पोचतो, बँड जिंकतो आणि डॅनी कप घ्यायला नकार देतो. संगीतच सगळ्यात महत्त्वाचं असं मला वाटायचं, म्हणतो, पण माणसांपुढे त्याचं काय, आम्ही सील किंवा व्हेल असतो तर तुम्ही पेटून उठला असता. आवाज चढवत नाही, दम लागलेल्या माणसासारखा थांबत थांबत बोलतो, म्हणून ते भाषण वाटत नाही.

२००८ मध्ये तो परत एव्हरीमनला गेला ‘किंग लिअर’ करायला, दिग्दर्शक रुपर्ट गूल्ड. म्हणजे तिथेही बापच. ‘इन्सेप्शन’ (२०१०) मधला मरणासन्न उद्योगपती फिशर तर काही मिनिटांचाच आहे, आणि तेवढ्यात त्याच्या मुलाचं काम करणाऱ्या किलियन मर्फीच्या आयुष्यभराच्या दुखण्याचं कारण दिसतं.

बाकी स्पीलबर्गच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधला शिकारी, टीव्हीवरच्या ‘शार्प’मधला दुष्ट हेक्सविल हेही बघण्यासारखे. २००९ मध्ये हवामान बदलावरच्या ‘द एज ऑफ स्टुपिड’मध्ये होता आणि केंटमध्ये किंग्जनॉर्थला नवीन कोळसा वीजकेंद्र मंजूर केलं तर २००४ मध्ये मिळालेला ओबीई हा ब्रिटिश सन्मानाचा किताब परत करेन असं त्याने सरकारला जाहीर सांगितलं. कॅन्सरने गेला, श्रूजबरीत, वय ६४. ‘द टाउन’मध्ये फुलांच्या दुकानात बसून काटे छाटत धमकी देणारा गुंड त्याच आजारपणाच्या आगेमागे केलेला, त्यासाठी मरणानंतर बाफ्टा या ब्रिटिश सिनेमा पुरस्काराचं नामांकन आलं.