जबड्यात तुटला म्हणजे माल कच्चा?

यूटीएमवर, म्हणजे मालाची ताकद तपासायच्या यंत्रावर, ताणताना नमुन्याचा तुकडा त्याला पकडणाऱ्या जबड्यापाशी तुटला, की ‘माल कच्चा’ असा शेरा मारायची जुनी सवय आहे. पुष्कळदा दोष मालाचा नसतो, पकडीचा असतो.

जबड्याचे दाते तुकड्यात रुततात, बारीक खाचा पडतात आणि ताण तिथेच एकवटतो. वरखालचे जबडे एका रेषेत नसले तर ओढीसोबत वाकही येतो. म्हणून तर पत्र्याचा नमुना डंबेलसारखा, मध्ये अरुंद कापतात. तुटायचं ते मधेच तुटावं.

‘अजून आवळा’ हा सल्लाही फसवा. पाचरीचे जबडे भार वाढेल तसे आपोआप घट्ट होतात. रबर मात्र ताणताना पातळ होऊन निसटतं, तिथे हवेच्या दाबावरचे जबडे बरे. बारीक तार, सूत, सीटबेल्टचा पट्टा यांना नुसतं चिमटून भागत नाही. आधी गोल खुंटाला वेढे द्यायचे, होडीचा दोर बांधतात तसे; घर्षणानं ओढ कमी होत टोकाशी पोचते.

बांधकामाची सळी सहसा न कातता अख्खीच लावतात. तिला व्ही खाचेचा जबडा हवा. सपाट जबड्यात गोल सळी दोनच रेषांवर धरली जाते. आणि दाते झिजलेत का, हे तर कुणी बघतच नाही!