पेंडल्टनचा रोडिओ, आणि त्या फाडलेल्या हॅटची गोष्ट

पेंडल्टन हे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या पूर्वेकडचं गाव, लोकसंख्या जेमतेम सतरा हजार. पण सप्टेंबरच्या एका आठवड्यात तिथे उभं राहायला जागा मिळत नाही, कारण तेव्हा गावचा रोडिओ असतो. नाव 'पेंडल्टन राउंड-अप'. राउंड-अप म्हणजे मोकाट चरणारी गुरं घेरून एका जागी आणणं, आणि रोडिओ हा स्पॅनिश शब्दही मुळात त्याच अर्थाचा. काउबॉय, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे, त्यांचं हे रोजचं काम, त्याचाच पुढे खेळ झाला.

सुरुवात अशी की १९०९ च्या ४ जुलैला गावात स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम झाला, त्यात उधळ्या घोड्यांवर बसणं, शर्यती, आदिवासींचे नाच, पोत्यात पाय घालून पळणं, सगळं होतं. लोकांना इतकं आवडलं की गावातल्या चार लोकांनी ठरवलं, हे दरवर्षी नीट करू. रॉय रॅली नावाचे वकील पुढे झाले, जुलै १९१० मध्ये संस्था रजिस्टर झाली आणि २९ सप्टेंबरला पहिला शो, सात हजार माणसं! तारीख सप्टेंबरची, कारण तोवर गव्हाची कापणी उरकलेली असते आणि शेतकरी मोकळा असतो. आपल्याकडे जत्रा सुगीनंतर भरतात, तसंच. गंमत म्हणजे तोपर्यंत मोकळी कुरणं बरीचशी संपली होती, तारांची कुंपणं आणि गव्हाची शेतं आली होती, म्हणजे जे दिवस सरत चालले होते त्यांचाच हा सोहळा.

आता १९११. माझ्या मते या रोडिओचा खरा इतिहास इथे आहे. उधळ्या घोड्यावरच्या स्पर्धेच्या फायनलला तिघं होते, जॅक्सन संडाउन हा नेझ पर्स या आदिवासी जमातीचा, जॉर्ज फ्लेचर हा काळा आणि जॉन स्पेन हा गोरा. संडाउन आधीच बाद झाला, राहिले दोघं. फ्लेचरने घोडा असा काही खेळवला की पब्लिक वेडं झालं, पण पंचांनी नंबर दिला स्पेनला. स्टँडमध्ये आरडाओरडा. तेव्हा तिथला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, टिल टेलर याने फ्लेचरची हॅट घेतली, तिचे तुकडे तुकडे केले आणि ते प्रेक्षकांना विकले, जमलेले पैसे फ्लेचरला. निकाल काही बदलला नाही, तो स्पेनच्याच नावावर आहे. टेलर पुढे १९२० मध्ये कैदी जेल फोडून पळाले तेव्हा गोळी लागून गेला. गावात आज त्याचाही पुतळा आहे आणि फ्लेचरचाही, फक्त फ्लेचरचा उभा राहायला २०१४ उजाडलं. शंभर वर्षं लागली हो!

संडाउनने मात्र हिशेब पूर्ण केला, १९१६ मध्ये तो जिंकला, तेव्हा वय ५३. या वयात आपण जिना चढताना धापा टाकतो.

मूळ रहिवाशांचं इथलं स्थान नुसतं शोभेपुरतं नाही. जवळच युमाटिला रिझर्व्हेशन, म्हणजे आदिवासींसाठी राखलेला प्रदेश आहे, तिथली कुटुंबं पहिल्यापासून येतात, मैदानाशेजारी टिपी म्हणजे त्यांचे तंबू ठोकून आठवडाभर राहतात, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत. रात्री 'हॅपी कॅन्यन' नावाचा नाटकासारखा शो होतो. त्यात इतिहास जरा सोयीस्कर करून दाखवलाय असं मला वाटतं, पण ते असो.

आणि बायका. सुरुवातीच्या काळात त्याही उधळ्या घोड्यावर बसायच्या, चांगल्या बसायच्या. १९२९ मध्ये बॉनी मॅकॅरॉल याच मैदानात पडली. त्या वेळी बायकांसाठी दोन्ही रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, घोड्याच्या पोटाखालून बांधून ठेवायची पद्धत होती, म्हणे त्यामुळे बसायला सोपं जातं, पण घोडा कोसळला आणि तिचा पाय निघेना. काही दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये वारली. झालं, बायकांची ती स्पर्धाच बंद करून टाकली. पुरुषही पडायचे, जखमी व्हायचे, त्यांची नाही कोणी बंद केली!

१९४० च्या ऑगस्टमध्ये लाकडी स्टँड जळून खाक झाला, शो महिन्याभरावर, तरी त्या वर्षीचा शो चुकला नाही. चुकली ती युद्धाची दोन वर्षं, १९४२ आणि ४३, आणि मग थेट कोविडचं २०२०.

मैदानाच्या मधोमध अजूनही हिरवळ आहे, बाकी बहुतेक रोडिओ मातीत होतात, त्यामुळे इथे हिरवळीवर वळताना घोडा घसरतो आणि नवख्यांची फजिती होते. कारभार आजही गावातलीच माणसं बघतात, डायरेक्टरसुद्धा बिनपगारी, दिवसा आपापला धंदा करायचा आणि संध्याकाळी मीटिंगला यायचं.